निम्म्याचं निम्मं

दाजी दुसऱ्याच्या घरी गेले की बसण्याआधी सॉकेट मोजायचे. प्लगला पालथा हात लावून तो तापलाय का बघायचे. बेरीज वरून खाली करायचे, मग खालून वर. कोणी ‘अंदाजे’ म्हणालं की कपाळाला हात लावायचे.

दाजी इमारतींच्या विजेचा हिशेब करून देत. बायकोचा भाऊ त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून सगळेच म्हणू लागले. हा मेहुणा वायरिंगची कामं घ्यायचा. दाजींचं घरचं दुखणं ते.

नव्या चार मजली कचेरीच्या नकाशात दोनशे सॉकेट होते. एकेकाला एकशे ऐंशी वॅट धरले की भार छत्तीस हजार. पण सगळे सॉकेट एकदम कोण वापरतं? म्हणून पहिले दहा हजार पूर्ण आणि उरलेल्याचे निम्मे धरायचे. दाजींनी तेवीस हजारांचा आकडा दिला. मेहुण्याला वाटलं, सूट अजून घ्यायचीय. त्याने तेवीस हजारांना तोच नियम पुन्हा लावला, साडेसोळा हजार काढले आणि तेवढीच बारीक केबल भिंतीत टाकून वर गिलावाही केला.

“अरे शहाण्या, निम्म्याचं निम्मं केलंस! सोललेलं केळं परत सोलतोस?”

“दाजी, सगळे एकदम थोडेच प्लग लावणार आहेत?”

“ते मी धरलंय ना! आता माणसांनी काय पाळ्या लावायच्या?”

“सोमवारी वीज जोडायचीय. तुम्ही फक्त सही करा.”

“भिंत पेटली की सही विझवायला येणार नाही.”

घरी बायको म्हणाली, “माझ्या भावाचं नाक कापू नका हो.”

“नाक राहील गं. आत बसणारी माणसं राहायला हवीत.”

दुसऱ्या दिवशी मेहुण्याने नवंच काढलं. सॉकेट म्हणे दोनशे नाहीतच, कमी बसलेत. दाजी वैतागून स्वतः मोजायला निघाले. तळमजल्यावर पन्नासऐवजी चौसष्ट निघाले.

“हे चौदा कुठून उगवले?”

“साहेबांनी मागितले, लावले. भोकंच तर असतात, दाजी.”

दाजींनी आकडा कागदावर मांडला. पहिला मजला मोजला, दुसरा मोजला. प्रत्येक ठिकाणी आकडा वाढलेलाच. शेवटच्या मजल्याच्या जिन्यात ते दम घ्यायला बसले, ते उठलेच नाहीत.

मेहुण्याने त्यांच्या हातातला कागद सोडवला. तीन मजल्यांचे आकडे नीट एकाखाली एक होते. शेवटच्याची जागा रिकामी होती. खाली बेरीज नव्हती, सही नव्हती.

सोमवारी वीज जोडली गेली नाही.