आजोबांना नमस्कार करा

आमच्याकडे गणपती दीड दिवसाचा, आणि तेवढ्यात माझा जीव नुसता टांगणीला लागलेला असायचा. शारजात, रोल्लामधल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आरती म्हणायची ती दबक्या आवाजात. टाळ रुमालात गुंडाळायचे. दाराबाहेर चपलांचा ढीग दिसू नये म्हणून सगळ्यांच्या चपला बाथरूममध्ये! कुणी कधी काही बोललं नव्हतं, तरी मी दर बेलला दचकायचे.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. वरच्या मजल्यावर एक बांगलादेशी कुटुंब राहायचं. त्या घरातल्या बाईचा नवरा आणि आमचे हे एकाच कंपनीत, त्यामुळे आमचं येणंजाणं फार. मी तिला घरात 'वरची' म्हणायचे, ती मला दीदी. आमचं सगळं बोलणं हिंदीत, तिचंही मोडकं, माझंही मोडकं. तिची एक सवय मात्र मला वैताग आणायची. बेल वाजवली की दार उघडायचीच नाही. आतून "कौन?" मग पुन्हा "कौन?" मी खवळायचे, "अगं बाई, मी काय तुझं सोनं लुटायला आलेय?" ती नुसती हसायची.

त्या वर्षी ह्यांनी मॅनेजरला दर्शनाला बोलावलं. आमचा व्हिसा आणि वरच्यांचा व्हिसा, दोन्ही त्याच्या सहीवर. तो मुसलमान, कराचीत वाढलेला, पण कुणाच्याही सणाला आवर्जून जाणारा, वागायला अगदी सज्जन. संध्याकाळी तो आला आणि बरोबर वडिलांना घेऊन आला. म्हातारा देखणा, पांढरी दाढी, स्वच्छ कुडता, बोलणं मधाळ. मुलाकडे राहायला आले होते. मी भारावलेच. आपल्याकडची रीतच आहे, घरात वडीलधारं माणूस आलं की पोरांना पुढे ढकलायचं. माझा मुलगा आणि वरचीची आठ वर्षांची मुलगी खेळत होती, त्यांना मी म्हटलं, "चला रे, आजोबांना नमस्कार करा!"

माझ्या मुलाने केला. "हॅपी नाऊ, आई?" म्हणून पळालासुद्धा. वरचीची मुलगी वाकली, म्हाताऱ्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, "जीती रहो, बेटी," आणि स्वयंपाकघरातून वरची धावत आली. मुलीला दंडाला धरून असं काही ओढलं की पोर कळवळली. मॅनेजर बघतोय, हे बघतायत, माझ्या हातात मोदकांचं ताट. ती मुलीला घेऊन निघून गेली. चपला बाथरूममध्येच राहिल्या.

मी संतापले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चपला न्यायला आली तेव्हा मी तोंड सोडलं. "पोरीला एवढं ओढायचं काय कारण? म्हाताऱ्या माणसाचा असा अपमान करतात?"

ती ओट्याला टेकली आणि हळू आवाजात सांगायला लागली. एकाहत्तर साली ती मुलीएवढीच होती. वडील शाळामास्तर. त्यांच्याच शाळेतला दुसरा मास्तर नेहमी चहाला यायचा, डाव्या भुवईत खाच असलेला, गोड बोलणारा. एका सकाळी तो दाराशी आला आणि म्हणाला, "बेटी, दार उघड, अब्बाशी दोन मिनिटांचं काम आहे." तिने उघडलं. त्याच्या मागे पाकिस्तानी सैनिक होते. वडील परत आले नाहीत. मातीसुद्धा मिळाली नाही. लढाई संपल्यावर तो मास्तर बायकापोरांसकट गाव सोडून कुठे गेला, कुणालाच कळलं नाही.

"दार मैंने खोला था, दीदी."

एकाहत्तर म्हणजे मला काय आठवत होतं? मुंबईत खिडक्यांना चिकटवलेला काळा कागद, आणि युद्ध जिंकल्याचे पेढे. आमच्यासाठी ते युद्ध पेढ्यांवर संपलं होतं.

"नक्की तोच?" मी विचारलं. तिने भुवईवर बोट ठेवलं. मग म्हणाली, आवाज तोच. पण मला एकदा विचारायचंय, माझ्या अब्बांना कुठे टाकलं. आज विसर्जनाला येणार आहेत ना ते?

येणार होते. ह्यांनीच आग्रहाने बोलावलं होतं. दुपारी मी ह्यांना सगळं सांगितलं तर हे पांढरेफटक पडले. "अगं, तिच्या नवऱ्याची नोकरी जाईल, आपलीही जाईल! म्हाताऱ्यावर आरोप, तोही मॅनेजरच्या बापावर? आणि तोच माणूस कशावरून? आपल्या घरी हे नकोच."

"मग काय, तिला येऊ नको म्हणू? गणपतीला?"

दुपारभर मी घरात येरझारा घालत होते. तिने यावं असंही वाटायचं आणि देवा, तिचं डोकं दुखू दे, असंही वाटायचं. आपल्या घरात बसून दुसऱ्याच्या बापाचा हिशेब करताना मला आपल्याच मुलाच्या शाळेची काळजी वाटत होती.

संध्याकाळी खोली भरली. खालचे मल्याळी, ऑफिसमधले दोघे-तिघे, मॅनेजर, त्याचे वडील. ती आली, नीट साडी नेसून, नवरा बरोबर. नवऱ्याचा चेहरा उतरलेला. तिने त्याला सांगितलेलं दिसत होतं. आरती झाली. मी बादलीत पाणी भरून ठेवलं, मूर्ती हलवली, आणि प्रसाद वाटायला लागले तशी ती म्हाताऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

तिने हिंदीत विचारलं. अगदी सावकाश.

"मास्टरजी, मेरे अब्बा को आपने कहाँ छोडा?"

मॅनेजरच्या हातातला मोदक हातातच राहिला. म्हाताऱ्याने वर बघितलं. मला वाटलं, आता चिडेल, उठेल, नाही म्हणेल. तो नाही म्हणालाच नाही. त्याने तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ निरखून बघितलं, वर्गातल्या जुन्या विद्यार्थिनीला ओळखायचा प्रयत्न करावा तसं.

"तुम किसकी बेटी हो?"

तिने वडिलांचं नाव सांगितलं, शाळेचं सांगितलं, गावाचं सांगितलं. तो खरंच आठवत होता, कपाळाला आठ्या घालून. मग मान हलवली.

"याद नहीं, बेटी. बहुत लोग थे."

मॅनेजर उठला. "अब्बा, चलिए." तो कुणाकडेही न बघता वडिलांना घेऊन गेला. बाथरूममधून चपला आणून त्यानेच त्यांच्या पायात घातल्या. आम्ही मूर्ती बादलीत सोडली. 'पुढच्या वर्षी लवकर या' एकट्या माझ्या मुलाने म्हटलं.

म्हातारा लगेचच कराचीला परत गेला. मॅनेजर ऑफिसात ह्यांच्याशी नेहमीसारखाच वागायचा, फक्त नजर द्यायचा नाही. काही महिन्यांनी वरच्यांचा व्हिसा पुढे वाढला नाही. प्रोजेक्ट संपलं म्हणे, खलास. आमचा वाढला. निघताना ती माझ्या गळ्यात पडली आणि मी रडत म्हटलं, "अगं, तुझी आणि त्या म्हाताऱ्याची भाषा एकच ना? बंगालीत विचारलं असतंस तर कुणाला काही कळलं नसतं, नोकरी राहिली असती."

"बंगालीत विचारलं असतं तर ते त्याच्या आणि माझ्यातच राहिलं असतं," ती म्हणाली. "आता तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय."

पुढे आम्ही शारजातच अल नहदाला राहायला आलो. एकदा तिचा ढाक्याहून फोन आला. तिथे लोक मागणी करतायत, एकाहत्तरच्या गुन्हेगारांवर खटले भरा म्हणून, आज ना उद्या कोर्ट बसेल. कुणी विचारलं तर सांगशील, दीदी? हे समोर बसून हाताने नको नको करत होते. मी म्हटलं, सांगेन.

अजून कुणी विचारलेलं नाही. मला मात्र हल्ली धास्ती वाटते. गॅस बंद केला का ते आठवत नाही, चष्मा सापडत नाही. म्हणून पोळ्या लाटताना मी ते वाक्य मोठ्याने म्हणून बघते, त्याने म्हटलं होतं तसंच, हिंदीत, एकही शब्द इकडचा तिकडे होऊ न देता. याद नहीं, बेटी. बहुत लोग थे.