कर्मठ बाईंच्या चुलीवरचा भात

जव्हारजवळच्या आश्रमशाळेत मी शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा स्वयंपाकीणकाकूंनी पहिलीच ताकीद दिली, "सुमतीबाई लई कर्मठ हायेत. त्यांच्या चुलीकडं फिरकू नका." शेजारच्याच खोलीत राहणाऱ्या या ज्येष्ठ सहकारी बाईंची माझी ओळख झाली ती अशी.

कर्मठ म्हणजे धर्माचे आचार काटेकोर पाळणारा. अर्थ साधा आहे, पण कोणाला धार्मिक म्हणताना आपण हात जोडतो आणि कर्मठ म्हणताना नाक मुरडतो. बाई सोवळ्यात स्वयंपाक करत, नैवेद्याआधी पाणीही घेत नसत. लोक पाठीमागे हसत, आणि बाईंना ते ठाऊक होते.

त्या वर्षी कुणीतरी शाळेला जवळच्या जामसर गावचा नवा तांदूळ दिला. वांगणी गावची आमची विद्यार्थिनी जयवंती ताटावरून उठली. "आमच्या गावात नवं नाय झालं अजून. देवाला दिल्याबिगर आमी नाय खात." दुसऱ्या दिवशीही ती उपाशीच राहिली. मुख्याध्यापक वैतागले, "नखरे चालायचे नाहीत. घरी पाठवा हिला." तिच्या घरचे कामासाठी ठाण्याकडे निघायच्या बेतात होते. पोर एकदा गेली की परतणार नाही, हे सगळ्यांना कळत होते.

बाई शांतपणे म्हणाल्या, "नखरे नाहीत, नेम आहे तिचा." त्यांनी आपल्या डब्यातले जुने तांदूळ काढले, सोवळ्यातल्या पातेल्यात शिजवले आणि जिथे आम्हाला मज्जाव होता, त्या चुलीपाशी जयवंतीचे पान मांडले. गावात नवं, म्हणजे नव्या धान्याचा देवाला नैवेद्य, होईपर्यंत ती तिथेच जेवली. मग तिने घरून मूठभर नवे तांदूळ आणले. बाईंनी ते आधी देवापुढे ठेवले, मगच खाल्ले.

बाईंच्या पंचाहत्तरीच्या मानपत्रात मी 'कर्मठ' लिहिले. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "बरं दिसत नाही. 'श्रद्धाळू' करा." बैठकीला जयवंतीही होती; ती आता गावच्या अंगणवाडीत ताई आहे. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तसंच. बाई तशा नसत्या, तर माझा नेम त्यांना कळला नसता. मी तवाच घरी गेली असती." शब्द राहिला.

बाई, तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. वांगणीत नवं झालं की जयवंती तांदूळ घेऊन येईलच. ते देवापुढे ठेवायला तुम्ही हव्यात.