आशाबाईंचं पाहुणपण

शेंद्र्याच्या आशाबाईंच्या दाराला कुलूप पाहिलेला माणूस सापडणं अवघड. कुलूप नव्हतं असं नाही, पण ते लावायचं कधी, हा प्रश्न होता. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा घरापुढं ज्वारी होती आणि मागंही ज्वारीच. मग कारखाने आले, रस्ता रुंद झाला, दारात रिक्षा थांबू लागली. घर जागचं हललं नाही, शहरच चालत त्याच्याकडं आलं. शहरामागून पाहुणे आले. कुणाची कोर्टात तारीख, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या पोरीची परीक्षा, सगळ्यांनी उतरायचं ते आशाबाईंकडं.

दुष्काळानं त्यात भर घातली. आजूबाजूच्या बोअर आटल्या, आशाबाईंची चालू राहिली. ही बातमी पाहुण्यांत पावसाच्या अंदाजापेक्षा लवकर पोचली. एक चुलत जाऊ रिक्षाभर मळक्या गोधड्या घेऊन आली आणि "सहज भेटायला आले" म्हणाली. गोधड्या वाळेपर्यंत ती राहिली. त्या दिवसांत ढग नेमके उन्हाला आडवे येत होते. पाऊस मात्र त्यातला एकही देत नव्हता.

आशाबाईंनी कधी तोंड वाकडं केलं नाही. मात्र लग्नापासून त्या स्वतः कुणाकडं पाहुण्या म्हणून गेल्या नव्हत्या. लग्नकार्याला जायच्या, पण तिथं स्वयंपाकघरात त्यांची जागा ठरलेली. "दोन दिस कुनी माज्या हातात च्याचा कप द्यावा आन् मी नुसतं बसावं," असं त्या एकदा सुनेला, अपेक्षाला, म्हणाल्या. अपेक्षानं ते नवऱ्याला सांगितलं.

नवरा म्हणजे ऋतुराज. त्याचं पत्र्याच्या शेडमध्ये टँकरच्या टाक्या बनवायचं वर्कशॉप. दुष्काळात त्याला मान वर करायला फुरसत नव्हती. तरी फावल्या वेळात त्यानं एका जुन्या ट्रॅव्हलर गाडीचं घर केलं. झोपायला चार बर्थ, गॅसची शेगडी, छोटी मोरी, खिडक्यांना पडदे. फिरायला आवडणाऱ्या शहरातल्या लोकांना ती भाड्यानं द्यायचा त्याचा विचार होता. पहिली फेरी आईची.

"आई, तळ्यावर जाऊ. जंगलाच्या कडेला. तिथं कुणी येत नाही," अपेक्षा म्हणाली.

"मी जाते तिथं येत्यात," आशाबाई म्हणाल्या, पण पिशवी भरली.

जागा काकासाहेबांनी, म्हणजे आशाबाईंच्या नवऱ्यानं, निवडली. पिशोरच्या पुढं सागाच्या जंगलाला लागून असलेलं तळं. पाणी पार मध्यापर्यंत हटलं होतं आणि उघड्या पडलेल्या गाळात लोकांनी कांदा लावला होता. काठावर शहरातली चार-पाच कुटुंबं आधीच उतरली होती. कुणाचे तंबू, कुणाची अशीच घरगाडी. एका बाईंच्या कुत्र्याला स्वेटर होता. ते पाहून आशाबाईंबरोबर आलेला त्यांचा कुत्रा सुलतान इतका भुंकला की त्याला चाकाला बांधावं लागलं. एका पिंजऱ्यात पोपट होता, तो सुलतानला उलट उत्तरं देत होता.

आशाबाई घडीच्या खुर्चीत बसल्या. हातांचं काय करावं ते त्यांना बराच वेळ कळेना. आधी मांडीवर ठेवले, मग पदराखाली. मग समोर बदकं उतरली आणि हात विसरले गेले. अपेक्षानं चहा आणून दिला. आशाबाईंनी पहिला घोट घेतला, तेवढ्यात कांद्याच्या वाफ्यातून एक माणूस वर आला.

"रामराम. तुमी केसरबाईचे भाऊ ना? शेंद्र्याचे?"

काकासाहेबांनी मान डोलावली आणि मग त्यांचा चेहरा उतरला. थोरल्या बहिणीचं सासर पिशोर आहे हे त्यांना अर्थातच माहीत होतं. पण तळं म्हणजे गाव नव्हे, असा त्यांचा हिशोब होता. त्या माणसानं फोन कानाला लावलाही.

तासाभरात ट्रॅक्टर आला. चालवत होते केसरबाईंचे यजमान नानासाहेब. मागं ट्रॉलीत केसरबाई, पिठाचा डबा, गोधड्या, तवा, पाय बांधलेली कोंबडी आणि एक शेळी.

"काय रं काक्या!" केसरबाई ट्रॉलीतूनच ओरडल्या. "भनीच्या शिवारात येऊन रानात निजतूस? गाव काय म्हनंल? केसरबाईच्या घरात भावाला जागा नाय म्हनंल!"

"आक्का, ते जरा हवापालट..."

"आमच्या घरात हवा नाय व्हय? चला घरी."

"आक्का, आमी दोन दिस इथंच ऱ्हानार," आशाबाई म्हणाल्या. आवाज मऊ, पण खुर्ची सोडली नाही.

"मग आमी बी इथंच."

ट्रॉली घरगाडीला लागून उभी राहिली, वर ताडपत्री चढली. शेळी चाकाला बांधली गेली आणि सुलतानला एकदाचा त्याच्या तोडीचा शेजार मिळाला. स्वेटरवाल्या कुत्र्याच्या बाई शेळीबरोबर फोटो काढून गेल्या.

केसरबाई घरगाडीत चढल्या. गादी दाबून पाहिली, पडदा ओढून पाहिला, बर्थवर ऐसपैस पाय पसरले आणि दारातून बाहेर आवाज दिला, "लई झ्याक केलंय गं आशे. आता घोटभर च्या टाक."

अपेक्षा उठायला लागली. आशाबाईंनी तिची ओढणी धरली. काकासाहेब टायरची हवा तपासायला खाली वाकले. टायर चांगला होता.

"आक्का," आशाबाई म्हणाल्या, "च्या तुमी टाकायचा. मी पाहुनी हाय."

"पाहुनी? गाडी तुजी, शेगडी तुजी. मी तुज्या घरात बसलेय."

"घर माजं. पर चाकं कुनाच्या मातीत हायेत? मगाशी तुमीच म्हनला, आमचं शिवार."

केसरबाईंनी निवाड्यासाठी नवऱ्याकडं पाहिलं. असं फारदा होत नसे. नानासाहेबांनी बांधांचे तंटे पुष्कळ मिटवले होते. ते शांतपणे गाडीभोवती एक फेरी मारून आले, चाकाजवळची माती बुटानं उकरली.

"शिवार आपलं," ते म्हणाले. "केसर, च्या आपल्याकडं."

ऋतुराजनं तोंड फिरवून हसू लपवलं. केसरबाई खाली उतरल्या आणि त्यांनी चूल मांडली.

त्यानंतर आशाबाईंनी जे केलं त्याला नुसतं बसणं म्हणता येणार नाही. इतक्या वर्षांत इतके पाहुणे पाहिलेल्या बाईनं ती कला पुरती आत्मसात केली होती. चहा आला तर, "साखर जरा जास्त झाली, पर चालंल." वांगं केलं तर, "मला सोसत नाय, पर तुमी केलंय तर खाते." आंघोळीचं पाणी तापल्यावर, "अजून एक हंडा मिळंल का?"

केसरबाईही कच्च्या नव्हत्या. "खा की! आमच्यात लाजायचं नाय," म्हणत त्यांनी कोंबडीच्या रश्श्यावर भाकरी, भाकरीवर पिठलं आणि पिठल्यावर ठेचा असा मारा चालवला. पाहुण्यानं ताटात टाकायचं नसतं. रविवारी दुपारी आशाबाईंना श्वास घेणं जड जात होतं, पण त्यांनी ताट पुसून खाल्लं. पाहुणपणही कष्टाचं काम आहे, हे त्यांना तेव्हा कळलं. तरी त्या उठल्या नाहीत.

निघताना केसरबाईंनी कुंकू लावलं, खण दिला. "या बरं का परत," त्या म्हणाल्या. त्या स्वरातली दमणूक आशाबाईंनी लगेच ओळखली. इतकी वर्षं तो स्वर त्यांचाच होता.

"येते ना, आक्का," त्या प्रेमानं म्हणाल्या. "म्होरल्या महिन्यात."

गाडी रस्त्याला लागली. काकासाहेब पुढच्या सीटवर डोळे मिटून बसले होते, आता बोलणी खावी लागणार अशा तयारीनं. मागून आशाबाईंचा आवाज आला.

"अवो, वैजापूरला आपलं कोन कोन हाय?"

काकासाहेबांनी डोळे उघडले. "कडुबा हाय. तात्यासाहेब हायेत. का?"

"काय नाय. ऋतुराज, तिकडं रस्ता कसा हाय रे?"