धनजच्या वावरातलं विमान

आमच्या सरकीच्या गोदामात विमान आलं तेव्हा ते विमान आहे हे कोणाला कळलंच नाही. एक लांबलचक लाकडी पेटी आणि एक चौकोनी, अशा दोन पेट्या मुंबईहून ट्रकनं कारंज्याला आल्या. माझे धाकटे दीर अमेरिकेत शिकायला होते. शिक्षण संपवून ते परतले, मुंबईत नोकरीला लागले आणि तिथल्या खोलीत जागा नाही म्हणून आपलं सामान त्यांनी घरी पाठवून दिलं. लांब पेटी पाहून सासूबाईंना वाटलं, पलंग असेल.

पेटी उघडली तर आत ॲल्युमिनियमच्या नळ्या. पातळ, कडक तारांची वेटोळी. चौकोनी पेटीत एक छोटं इंजिन, लाकडी पंखा आणि नारिंगी रंगाचा गुळगुळीत कपडा, हात लावला की सुळसुळणारा. सासूबाईंनी त्याची एक घडी उलगडली, मग दुसरी, मग तिसरी. कपडा संपेना.

"बाप्पा! एवढं मोठं लुगडं कोन नेसन?" त्या म्हणाल्या.

दिवाळीला दीर आले तेव्हा खुलासा झाला. "वहिनी, हे विमान आहे. एका माणसाचं. तिकडं लोक घरीच जोडतात आणि शेतातून उडवतात."

मला ती थट्टा वाटली. विमान म्हणजे कपाशीवर फवारणी करायला यायचं ते. ते डोक्यावरून गेलं की आम्ही अंगणात वाळत घातलेले पापड झाकायला धावायचो. ते नळ्यांचं आणि कपड्याचं असेल, असं कधी मनातही आलं नव्हतं. दीर चार गोष्टी सांगून, एक नळी हातात घेऊन, "पुढच्या खेपेला जोडतो" म्हणून निघून गेले. पुढच्या खेपेला ते आले नाहीत.

आणि एक दिवस माझे यजमान ते जोडायला बसले.

हे का, ते मला आजही सांगता येणार नाही. आमचा सरकी-कापसाचा व्यापार. हे अंगानं भारी, बोलायला कमी, आणि सायकलची चेन उतरली तरी दुकानात नेणारे. सकाळी जैन मंदिरात जायचं, मग दुकान, सूर्य मावळायच्या आत जेवण, एवढंच त्यांचं आयुष्य. असा माणूस जेवण झालं की गोदामातला दिवा लावून नळ्यांसमोर मांडी घालून बसू लागला. सोबतचं माहितीपुस्तक इंग्रजीत होतं आणि त्यात चित्रं होती. पण नळ्यांवर चिकटवलेले आकड्यांचे कागद प्रवासात निघून पेटीच्या तळाशी पडले होते. कोणता आकडा कोणत्या नळीचा, काही पत्ता नव्हता. एकसारख्या दिसणाऱ्या नळ्या दोन्ही जागी बसायच्या. हे एक जोडायचे, दुसऱ्या दिवशी सोडायचे.

"तुमाले उडायचं आहे का?" मी एकदा विचारलं.

"पाहू," हे म्हणाले.

"पाहू म्हणजे काय?"

"आधी उभं तं राहू दे."

उभं राहिलं तेव्हा गोदामात पाय ठेवायला जागा उरली नाही. दोन्हीकडं लांब पंख, मागं शेपटी, आणि मधोमध, जिथं माणूस बसणार, तिथं पट्ट्यांना टांगलेली एक छोटी बैठक. चक्क झोपाळा. सुकाणूसारखं काही दिसेना, म्हणून मी विचारलं, चालवायचं कशानं? यांनी पुस्तक वाचून सांगितलं, अंगानंच. माणूस पुढं झुकला की विमान खाली जातं, मागं रेलला की वर, बाजूला सरकला की त्या बाजूला वळतं. मी म्हटलं, म्हणजे झोपाळ्यावर बसून झोके घ्यायचे? हे गंभीरपणे हो म्हणाले. शिवाय दोन नळ्या उरल्या होत्या. त्या कुठल्या, हे यांना कळेना आणि मला तर नाहीच नाही. हे रोज त्या उचलून पाहायचे आणि परत भिंतीला टेकवायचे.

माझा त्यात शिरकाव उंदरांमुळे झाला. सरकीच्या गोदामात उंदीर असायचेच. उजव्या पंखाचा कपडा त्यांनी हातभर कुरतडला. मला शिवणकाम येत होतं, माहेराहून आणलेलं पायमशीन होतं. हे कपडा काढून माझ्याकडं घेऊन आले. जुन्या छत्रीच्या काळ्या कपड्याचं ठिगळ लावायचं ठरलं. पण तो नारिंगी कपडा मशीनवर टिकेना, सुईखालून निसटायचा, टाके सुटायचे. शेवटी खाली वर्तमानपत्राचा कागद धरून शिवलं आणि मागाहून कागद फाडून काढला. मशीनवर वाकलेली असताना मनात यायचं, आपण नेमकं काय शिवतोय? पंख शिवतात का कधी?

त्यानंतर ते विमान माझ्याही कामांपैकी एक झालं. तारा सैल झाल्या की हे ताणायचे, मी दुसरं टोक धरायची. पेट्रोलमध्ये तेल मिसळून द्यायची. आमच्या काळ्या मातीत त्याची इवलीशी चाकं रुततील म्हणून यांनी ती काढून मुलांच्या सायकलची चाकं बसवून घेतली. मग चाकं मोठी झाल्यानं पुढची बाजू उचलली गेली, म्हणून बैठकीच्या पट्ट्या लांब केल्या, मग पाय जमिनीला लागायला लागले म्हणून आखूड केल्या. एक दुरुस्ती झाली की तिच्यातून दुसरी निघायची. हे चिडायचे नाहीत. उलट सगळं जागच्या जागी बसलं की त्यांचा चेहरा उतरायचा आणि ते पुन्हा काहीतरी खोलायचे. यांना ते उडवायचं आहे की नुसतं खोलत राहायचं आहे, मला उमजत नव्हतं.

राजदूत फटफट्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला बोलावून इंजिन पहिल्यांदा चालू केलं, ते गोदामातच. पंखा फिरला आणि कोपऱ्याकोपऱ्यात साचलेला कापूस असा उडाला की कोणाला कोणी दिसेना. हमाल बाहेर पळाले. मिस्त्री खोकत खोकत म्हणाला, "मालक, इंजिन चांगलं आहे. पण हे गोदामात कायले लावलं?"

सासूबाईंनी मात्र वेगळाच प्रश्न काढला. "थो पंखा फिरते त्यात किती जीव मरत असतीन?"

 मग असं ठरलं की चातुर्मासात पंखा अजिबात फिरवायचा नाही. हिवाळ्यात हवेत किडे कमी, तेव्हा काय ते करा. म्हणून पावसाळाभर नुसती पुसापुशी आणि तेलपाणी चालायचं. असा दुसरा हिवाळा आला.

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी, कापसाची वेचणी आटोपल्यावर, यांनी धनज गावचं आमचं वावर रिकामं करून घेतलं. ते कसणारा शेतकरी बापआज्यापासून आमच्या जमिनीवर होता. वयानं यांच्याएवढा, तोंडानं फटकळ. त्यानं कपाशीची वाळकी पऱ्हाटी उपटून, वखर फिरवून एक लांब पट्टा सारखा केला. आम्ही विमान खोलून बैलबंडीत घालून नेलं. सासूबाई दशम्या घेऊन दुसऱ्या बंडीत बसल्या. "मले पाहू द्या, काय करून राह्यले तुमी ते," एवढंच त्या म्हणाल्या.

वावरात विमान उभं केलं. शेतकऱ्यानं सभोवती एक फेरी मारली.

"मालक, हे खरंच वर जाईन?"

"पाहू."

"आन् खाली?"

यांनी एक तार ताणून पाहिली.

हे बसले. इंजिन फटफटलं. विमान पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धडधडत गेलं आणि तसंच धडधडत परत आलं. जमीन सोडायचं नाव नाही. पुन्हा तेच. मग हे उतरले, घाम पुसला आणि म्हणाले, शेपटी हलते असं वाटतं. चालताना मागून पाहायला पाहिजे. मग माझ्याकडं वळले.

"तू बस जरा."

"मी?"

"नुसतं बस. हा खटका दाबून धरायचा. सोडला की इंजिन मंद होते. मी शेपटी पाहतो."

मी सासूबाईंकडं पाहिलं. त्या म्हणतील, बाईमाणसाला कायले बसवतं? पण त्या कडुलिंबाखाली बसून दशम्यांचं फडकं सोडत होत्या. मी पदर कमरेला घट्ट खोचला आणि बसले. यांनी पोटावरून पट्टा बांधला. एका पंखाच्या टोकाशी शेतकरी, मागं हे. इंजिनाचा आवाज पाठीमागून थेट हाडांत शिरत होता. मी खटका दाबला.

विमान निघालं. सुरुवातीला शेतकरी पंख धरून बाजूनं धावत होता, मग दिसेनासा झाला. ढेकळांवरून इतके हादरे बसत होते की दात वाजत होते. मला थांबायचं होतं, पण थांबायचं म्हणजे खटका सोडायचा की आणखी दाबायचा, तेच डोक्यातून गेलं. घाबरून मी, झोपाळा जोरात पुढं गेला की आपण करतो तशी, मागं रेलले.

हादरे थांबले.

एवढंच मला नक्की सांगता येतं. चाकांचा खडखडाट एकदम बंद झाला. इंजिन चालू होतं, वारा तोंडावर होता, पण खाली काहीच नव्हतं असं वाटलं. समोर कडुलिंबाचं झाड होतं आणि त्याचा शेंडा जिथं असायला हवा होता तिथं नव्हता. खाली, कपड्यातून ऊन झिरपून पडलेली, एक नारिंगी-काळी सावली पळत होती. मला वाटलं ओरडावं, पण कोणाला हाक मारायची ते सुचेना. मग हातातून खटका सुटला. इंजिनाचा आवाज बसला, एक मोठा दणका बसला, सायकलचं एक चाक निखळून गडगडत गेलं आणि मी वावराच्या कडेला, धुऱ्याच्या बांधाला टेकून थांबले.

सगळे धावत आले. शेतकरी सगळ्यात आधी. "मायबाई! चांगली पुरुषभर वर गेली होती!"

"कायची पुरुषभर?" सासूबाई मागून आल्या, हातात दशमी तशीच. "चाकं जमिनीलेच होती. मी पाहूनच राह्यली होती."

"आत्याबाई, तुमी झाडाखाली होत्या. मी जवळ होतो," शेतकरी म्हणाला.

"जवळून नाई दिसत, दुरून दिसते."

मी यांच्याकडं पाहिलं. हे माझा पट्टा सोडत होते. 

"तुमी पाह्यलं का?" मी विचारलं. "उडालं का?"

"डोळ्यात धूळ गेली," हे म्हणाले. "लागलं का तुले कुठं?"

लागलं नव्हतं. पण मन ठिकाणावर नव्हतं. मी त्या चाकांच्या खुणा पाहायला मागं चालत गेले. मऊ मातीत दोन रेघा स्पष्ट होत्या. मधे कुठं त्या तुटल्या असतील तर उत्तर मिळालं असतं. पण त्याच पट्ट्यावरून यांच्या आधीच्या फेऱ्या झाल्या होत्या, रेघांवर रेघा, आणि वरून आम्हा सगळ्यांचे पाय. बंडीतून परत येताना शेतकरी जो भेटेल त्याला सांगत होता, मालकीण उडाली. सासूबाई दर वेळी म्हणत होत्या, नाई उडाली.

गोष्ट कारंज्यापर्यंत गेली आणि आठवड्याभरात एक पोलीस जमादार दुकानावर आला. त्यानं गोदामात येऊन विमान पाहिलं, टोपी काढून डोकं खाजवलं.

"याले लायसन लागते का?" त्यानं यांनाच विचारलं.

"मले मायत नाई," हे म्हणाले. "तुमाले मायत असन."

"आमच्याकडं गाड्यांचं असते. याचं कुठं असते, विचारून सांगतो." चहा पिऊन तो गेला. पुन्हा काही तो सांगायला आला नाही.

उन्हाळ्यात दीर आले. आपलं विमान जोडलेलं पाहून ते आधी खूप हरखले, मग भोवती फिरून एकेक जोड तपासू लागले. भिंतीला टेकलेल्या त्या दोन नळ्या त्यांनी उचलल्या, पुस्तक चाळलं, आणि हसू लागले.

"दादा, शेपटी उलटी बसवली आहेस तू. आणि या नळ्या तर पंखाला आतून आधार द्यायच्या. असं जोडलेलं विमान उडूच शकत नाही. सायकलची चाकं लावली ते तर सोडूनच दे."

मी दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मला बरंही वाटलं आणि वाईटही. निदान प्रश्न तरी सुटला, असं मनात म्हणत होते. तेवढ्यात हे बोलले.

"ते उडालं आहे."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. हिनं उडवलं. मी पाह्यलं."

दिरांनी माझ्याकडं पाहिलं. मी ट्रे खाली ठेवला. दीर तावातावानं पंखांचा कोन आणि वाऱ्याचा दाब समजावू लागले. हे ऐकून घेत होते, आणि प्रत्येक मुद्द्यानंतर तेवढंच म्हणत होते, उडालं आहे.

दीर गेल्यावर मी विचारलं, "तुमच्या डोळ्यात तं धूळ गेली होती ना?"

"गेली होती."

"मंग पाह्यलं कसं?"

"पाह्यलं," म्हणाले, आणि दुकानात निघून गेले.

इंजिन आणि पंखा दीर मुंबईला घेऊन गेले. विमान काही त्यांनीही पुन्हा जोडलं नाही. नळ्या गोदामाच्या माळ्यावर गेल्या. मला वाटलं होतं, यांना सुनंसुनं वाटेल. पण हे संध्याकाळचं जेवण झालं की पूर्वीसारखे ओट्यावर बसू लागले, जणू मधली दोन वर्षं आलीच नव्हती. अस्वस्थ मीच झाले. मशीनवर बसले की हात थांबायचा आणि तो खडखडाट बंद झालेला क्षण आठवायचा. तो किती वेळ होता? होता का?

यांना मी नंतरही विचारलं, कधी सणावाराला, कधी उगाच. दर वेळी उत्तर वेगळं आलं. एकदा म्हणाले, हातभर होतं. एकदा म्हणाले, झाडाएवढं. एकदा, पुष्कळ वर्षांनी, जऊळक्याच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत बसलो होतो, तेव्हा न विचारताच म्हणाले, "चाकं उचलल्यावर मी डोळेच मिटून घेतले होते. पाहवलं नाई मले."

मी म्हटलं, "चाकं उचलली, हे तं पाह्यलं ना मंग?"

हे विचारात पडले. "तेच तं," म्हणाले, "सांगता येत नाई." तेवढ्यात गाडी आली.