एकवीस, चोवीस आणि कारवीची काठी

ट्रॅक्टर विकला की दारातून निघून जातो. किस्सा मात्र इथंच राहतो! कान्हे फाट्यावरच्या या छोट्या ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये इतकी वर्षं गिऱ्हाइकांना सीटवर बसवतोय, आता किस्से ठेवायला जागा उरलेली नाही. संध्याकाळी शटर ओढायच्या आधी मी आणि आमचा मेकॅनिक दत्ता चहा घेत बसतो, तेव्हा एकाला हात घातला की दहा बाहेर पडतात.

सगळ्यांचं मूळ एकच. आमच्याकडे दोन मॉडेल शेजारी शेजारी उभी असतात. एक एकवीस एचपीचं, दुसरं चोवीसचं. बॉनेट तेच, दिवे तेच, सीट तीच, रंगही तोच. चोवीसची चाकं जरा रुंद आणि इंजिनात दम जरा जास्त, बस्स. मावळात जमिनीचे तुकडे लहान, भाताच्या खाचरात मोठा ट्रॅक्टर धड वळत नाही. म्हणून येणारा प्रत्येक जण या दोघांच्या मधे येऊन उभा राहतो आणि तिथंच अडकतो!

*

एकदा एका गिऱ्हाइकाने दत्ताला हळूच बाजूला घेतलं. सकाळपासून मी त्याला दोन्ही मॉडेल समजावून सांगत होतो, पण त्याचं समाधान होत नव्हतं.

"सेल्सवाल्याचं सोडा हो. तुम्ही आतून खोलून बघता. खरं सांगा, तुम्ही स्वतः कुठला घ्याल?"

दत्ताने फडक्याला हात पुसले. दोन्ही ट्रॅक्टर नीट बघून घेतले. म्हणाला, "मी? मी बैल घीन. त्याला माझी गरज लागत न्हाई!"

तेव्हापासून शेठनी फर्मान काढलंय, दत्ताने गिऱ्हाइकाशी फक्त ऑइल या विषयावर बोलायचं.

*

औंढ्याच्या मंगलताई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या हातात कारवीची एक सरळ काठी होती. मला वाटलं, गुरं वळायला निघाल्या असतील. त्या तडक एकवीसच्या मागे गेल्या, काठी आडवी धरली आणि एका चाकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या चाकापर्यंत लावून बघितली. मग तेच चोवीसला केलं. चोवीसचं चाक काठीच्या बाहेर चार बोटं आलं.

"ताई, टेप देऊ का?" मी म्हणालो.

"नको. टेप ढिली धरली की खोटं बोलती."

काठी त्यांच्या वाटेच्या मापाची होती. नवरा तळेगावच्या कंपनीत शिफ्टला जातो, शेती या बघतात. खाचरांकडे जायला वाट एकच. एका अंगाला विहिरीचा कठडा, दुसऱ्या अंगाला थोरल्या जाऊबाईंचा, पारूबाईंचा गोठा. गोठ्याची कारवीची भिंत, शेणामातीने लिंपलेली, अगदी वाटेवर आलेली. भाड्याचे ट्रॅक्टर त्यातून जात नाहीत. जातो तो एकच, जुना, बारका. तो गावाची लावणीआधीची चिखलणी उरकून यांच्याकडे येईपर्यंत भाताचं रोप म्हातारं होतं. आल्यावरही निम्मा वेळ चिखलात रुतलेला.

"गेल्या साली तर आलाच न्हाई, भाऊ. आमी दोघांनी कुदळीनं चिखल केला. अजून कंबर धरती. अवंदा माझा ट्रॅक्टर माझ्या दारात पायजे. मीच चालवणार."

त्यांच्या खाचरात चिकण माती, तीही खोल. तिथं एकवीस जाईल, पण रुतेल. चोवीस रुतणार नाही, पण वाटेतून जाणारच नाही! विकून मोकळं व्हायचं तर कुठलाही देता आला असता. पण त्या बाईंच्या तोंडाकडे बघून मला ते जमलं नाही.

"मग जाऊबाईंना सांगा की, गोठ्याची भिंत हातभर आत घ्या म्हणून," मी सहज म्हणालो.

मंगलताईंनी काठी जमिनीला टेकवली. मग म्हणाल्या, "आमी बोलत न्हाई."

"का?"

"लय वर्सं झाली. काय झालतं ते आता धड आठवत बी न्हाई. पण बोलत न्हाई."

काठी उचलून त्या बस पकडायला निघून गेल्या.

*

लोणावळ्याचे एक साहेब आहेत. नोकरीतून मोकळे झाले आणि बंगल्यामागच्या अर्ध्या एकरात शेती करायची असं त्यांच्या मनाने घेतलं. दोन्ही मॉडेलचा त्यांनी कॉम्प्युटरवर तक्ता केला होता. मला फोन करून असे प्रश्न विचारायचे की मी उत्तरासाठी कंपनीला फोन लावायचो, आणि कंपनी म्हणायची, बघून सांगतो! शेवटी एकवीस घेतला.

डिलिव्हरीनंतरच्या रविवारी त्यांचा फोन आला. आवाज एकदम पडलेला.

"गायकवाड, माझी जमीन संपली हो!"

सकाळी नाश्त्याच्या आत सगळा अर्धा एकर नांगरून झाला होता. आता ट्रॅक्टर उभा आणि साहेबही उभे. मग ते शेजारच्या बंगल्यांमध्ये विचारत फिरायला लागले, "तुमचं काही नांगरायचंय का?" लोक भिडेपोटी हो म्हणायचे. एक कुटुंब शनिवारी मुंबईहून आलं तर त्यांचं लॉन उलथंपालथं करून ठेवलेलं! आता त्या गल्लीत एका फाटकावर दोन पाट्या आहेत. वरती "कुत्र्यापासून सावध राहा" आणि खाली "येथे नांगरू नये".

हसायला येतं, पण मला त्यांचं वाईटही वाटायचं. आयुष्यभर एसीत बसून ज्याची वाट बघितली ते नाश्त्याआधी संपलं. शेवटी दत्ताने त्यांना त्याच्या मामांच्या शेतावर नेलं. मामांना गुडघ्यांमुळे काम होत नाही. आता साहेब तिकडे नांगरतात, बांधावर बसून पिठलं-भाकरी खातात आणि सुखात असतात.

परवा भेटले. मला वाटलं, आभार मानतील. म्हणाले, "गायकवाड, चोवीस घ्यायला हवा होता!"

*

शिरगावचे एक आबा टेम्पो भरून माणसं घेऊन आले. मुलगा, पुतण्या, जावई, शेजारी, सगळे. प्रत्येकाने दोन्ही सीटवर बसून घेतलं, गियर टाकून बघितले, टायरला लाथा मारल्या. आबा मात्र सीटकडे फिरकलेच नाहीत. ते चाकावरचं मडगार्ड तळहाताने दाबत उभे! एकदा एकवीसचं, एकदा चोवीसचं.

"आबा, तुम्ही बसा की सीटवर," मी म्हणालो.

"सीटवर पोरगं बसंल. मी हितं बसणार." त्यांनी मडगार्डवर थाप मारली. "म्हणून ह्येच बघतोय."

आता कंपनीने मडगार्डवर स्पष्ट स्टिकर लावलाय, येथे बसू नये, धोका आहे म्हणून. मी तो वाचून दाखवला. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"व्हय. पण मोठ्या माणसानं बसायचं कुटं मग?"

मावळात ट्रॅक्टर घरी आला की मडगार्ड ही घरातल्या मोठ्या माणसाची जागा. ते कुणी ठरवत नाही, ते तसंच असतं. दोन मॉडेलमधला सगळा फरक मला तोंडपाठ होता, पण चोवीसचं मडगार्ड जास्त रुंद आहे हे मला आबांनी सांगितलं! त्यांनी चोवीस घेतला. टेम्पोतून एक गोधडी आणली, घडी करून मडगार्डवर सुतळीने आवळून बांधली, बरोबर त्या स्टिकरच्या वर.

"आता धोका दिसत न्हाई," आबा म्हणाले आणि चढून बसले. चालवायचं सावकाश, असं मी मुलाला चार वेळा बजावलं.

मंगलताई त्या दिवशीही काठी घेऊन आल्या होत्या. त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. आबांचा ट्रॅक्टर हायवेला लागला तरी त्या गोधडीकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांचं हसू हळूहळू गेलं.

*

नाणे मावळातला एक मुलगा लग्नाचं जमवायचं म्हणून घाईने एकवीस घेऊन गेला. पाहुणे आले तेव्हा ट्रॅक्टर झेंडूच्या माळेसकट अंगणात. मुलगी शेतकऱ्याचीच. दोघांना बोलायला पाच मिनिटं दिली, तर तिने पहिला प्रश्न विचारला, "हा चिखलणीला पुरतो का?"

मुलाला घाम फुटला. म्हणाला, "पुरत न्हाई. पुरवून घेतो."

मुलगी आत गेली आणि वडिलांना म्हणाली, "खोटं न्हाई बोलला. व्हय म्हणा!"

लग्नात मला आणि दत्ताला पहिल्या पंगतीला बसवलं होतं.

*

अक्षय्य तृतीया जवळ आली. मुहूर्ताच्या डिलिव्हरींची आमची धावपळ चाललेली. मंगलताईंसाठी, रुंदी कमी व्हावी म्हणून, दत्ताने चोवीसची चाकं उलटी बसवून बघितली होती. चार बोटांची तीन झाली, पण काठीच्या बाहेरच. शेवटी त्यांनी एकवीस बुक केला. "रुतला तर रुतला. निदान दारात तरी यील," म्हणाल्या. आवाज असा, की दत्ताने बोलायची बंदी मोडून सांगितलं, "ताई, रुतला तर मला फोन करा. मी ढकलायला यीन."

आदल्या दिवशी दुपारी एक म्हातारी आली. उंच, काटक, हाताला कोपरापर्यंत वाळलेली माती. नाव सांगितलं नाही. हातात कारवीची काठी.

"औंढ्याची मंगल हाय ना, तिनं कंचा सांगितलाय?"

"एकवीस, मावशी."

"आन् पायजे कंचा व्हता?"

मी चोवीस दाखवला. तिने काठी आडवी करून चाकांना लावली. काठी दोन्ही अंगांनी वीतवीतभर बाहेर राहिली! तिने पुन्हा लावून बघितली, मग माझ्या हातात दिली.

"तिला म्हणावं, तुझी काठी चुकीची व्हती."

"तुम्ही कोण म्हणून सांगू?"

"काय नको सांगू," म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगलताई नवी साडी नेसून, पूजेचं ताट घेऊन आल्या. पूजेचा नारळ माहेरचा हवा म्हणून आदल्या दिवशीच तिकडे गेल्या होत्या, पहाटे तिथूनच परस्पर आल्या. मी त्यांना काठी दिली आणि निरोप सांगितला. त्यांनी काठी हातात फिरवली. एका टोकाला भिंतीच्या शेणामातीच्या लिंपणाचा जुना थर अजून चिकटलेला होता. तो त्यांनी नखाने थोडा खरवडला. तळहातावर पडलेला तुकडा त्यांनी बोटाने उलटून बघितला.

"चोवीस काढा, भाऊ," म्हणाल्या.

"ताई, एकदा मोजून बघू या का?" दत्ताने विचारलं.

"नको."

पूजा झाली. नारळ फुटला. मंगलताई सीटवर चढल्या, किल्ली लावली, आणि पुन्हा खाली उतरल्या. चाकापाशी गेल्या, मडगार्डवर तळहात ठेवला आणि दाबून बघितलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "सुतळी हाय का तुमच्याकडं? गोधडी मी वाटेत घीन."