एक नंबरचा मान

एखादं यंत्र बिघडलं की माणसं कपाळाला हात लावतात; आमच्या नागपूरच्या घरमालकांना मात्र त्या दिवशी जेवण गोड लागायचं. टेलिफोन खात्यातून ते निवृत्त झाले, पण त्यांच्या खिशातला पेचकस काही निवृत्त झाला नाही. एका लग्नात पंखा कुरकुरला म्हणून हे भरलं पान सोडून स्टुलावर चढले. "मालक, जेवून तर घ्या," मी म्हटलं. "तो तिकडं कण्हून राहिला अन् माह्या घशाखाली घास कसा उतरंल गा?"

घरचा फोन मिळायला तेव्हा वर्षानुवर्षं लागत. मालकांनी भंगारातून चार फोन आणले आणि आमच्या चार बिऱ्हाडांत तारा ओढल्या: वर आम्ही, शेजारी कापडाचे व्यापारी, मागच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका, म्हणजे सगळ्यांच्या बाई, आणि मालक स्वतः. हा खटाटोप खरं तर बाईंसाठी होता. त्यांना चक्कर येई, आणि सावनेरचा भाचा त्यांना कायमचं न्यायला टपलेला. "मले माह्या घरात राहू दे," एवढंच बाई म्हणत. हाकेला फोन आहे, असा शब्द मालकांनी भाच्याला दिला. पण एक नंबर कोणाचा, यावरून व्यापाऱ्यांचं तोंड फुगलं. तेव्हा मालकांनी नंबर वाटायचं काम एका डब्यावरच सोपवलं. रोज सकाळी सहाला डबा सुरू होई. आधी रिसीव्हर उचलेल त्याला त्या दिवसापुरता एक नंबर, दुसऱ्याला दोन. साडेसहाला वाटप बंद. नंबर न घेतलेला फोन दिवसभर मुका. डब्यावरचे दिवे पाहून मालक सगळ्यांचे नंबर अंगणातल्या पाटीवर लिहीत. पाटी वाचायला खाली यायचंच, तर फोन कशाला, असं मी एकदा विचारलं. "तू पाटी वाच. मशीनले नावं ठेवू नको." त्या डब्याला गांधीबागेच्या कापडबाजारातल्या मखमलीचं झाकण होतं, मालकांच्या स्वतःच्या उशीला धड अभ्रा नव्हता.

आणि नेमका हा डबा आल्यापासून बाईंना नंबर मिळेना. मालक डब्यासमोर बसून त्यांच्या दिव्याची वाट पाहत. तो लागतच नसे. "उचलला जी, पण मुकाच आहे," बाई सांगत. रविवारी भाचा पाहायला यायचा होता. मालकांनी तारा सोलल्या, सांधे घासले, एका गरीब खारीवर आळ घेतला. या बिघाडात मात्र त्यांचं जेवण गोड लागेना. "तार चांगली, डबा चांगला. मंग काहून नंबर भेटून नाही राहिला?" म्हणत ते अर्ध्या भाकरीवर उठत.

शनिवारी सहा वाजता मी बाईंकडे डोकावलो. त्या फोनपाशी हात मांडीवर ठेवून, खिडकीतून मालकांच्या ओसरीकडे पाहत बसल्या होत्या.

"बाई, उचला ना."

"मालकांनी अजून नाही उचलला. घर त्यांचं. त्यांच्या आधी मी कसा उचलू, बाप्पा?"

मी ओसरीवर गेलो. "मालक, तुम्ही काहून नाही उचलत?"

"पंगतीत यजमान आधी जेवते का गा? बाईंचं झालं की मी उचलीन."

साडेसहा वाजले, वाटप बंद झालं. आता कोणाचा मान मोडणार नव्हता, तेव्हा समोरच्या खिडकीत बाई उठल्या आणि त्यांनी रिसीव्हर कानाला लावला. मी मालकांना सगळं सांगितलं. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्याच दुपारी त्यांनी एक नंबर वाटपातून काढून बाईंच्या तारेला कायमचा जोडला, आधी उचलोत की नंतर. व्यापाऱ्यांनीही या वेळी तोंड फुगवलं नाही. रविवारी भाच्याने फोन फिरवून पाहिला, चहा घेतला आणि एकटाच सावनेरला परतला.

बाई पुढे सहा वर्षं त्या खोलीत राहिल्या. शेवटची चक्कर आली तेव्हा त्यांनीच फोन केला, आणि त्या गेल्या तेव्हा आम्ही सगळे उशाशी होतो. महिन्याभराने व्यापाऱ्यांनी हळूच सुचवलं, की एक नंबर आता पुन्हा वाटपात घ्यावा. मालक पेचकस घेऊन डब्यासमोर बराच वेळ बसले. मग त्यांनी मखमल परत नीट घातली.

"तो बाईले देल्ला आहे," ते म्हणाले.

त्या माणसावर माझा फार जीव होता. मी ते घर सोडेपर्यंत आमच्याकडे पहिला फोन उचलणाऱ्याला दोन नंबर मिळे, आणि पाटीवर पहिल्या ओळीत मालक रोज बाईंचं नाव लिहीत.