रोझीची पांढरी वाईन

सुनेनं वाईनच्या दोन बाटल्या उघडल्या आणि विचारलं, "आई, रेड देऊ की व्हाईट?" त्या आंबूस वासानं मला बहात्तर सालचा नगरचा नाताळ आठवला.

नाताळासाठी मी काळ्या मनुका भिजवून लाल वाईन करायची. शेजारची रोझी बेदाण्यांची पांढरी करायची. त्या वर्षी तिच्या ओट्यावर बसून आमच्या ह्यांनी रिकामा ग्लास पुन्हा पुढे केला आणि म्हणाले, "लई हलकी हाय ही. आमच्या घरची घशाला लागते."

रोझी माझ्याकडे बघून हसली. मी माझा ग्लास न चाखताच खाली ठेवला.

आता हे नाहीत, रोझीही नाही.

"रेडच दे," मी सुनेला म्हटलं. पांढरी मी आजवर तोंडाला लावलेली नाही. न जाणो, आवडली तर ह्यांचं म्हणणं खरं ठरायचं.